आधी यादी तपासा, मग रँडमच्या गोष्टी करा

तुमची पोस्ट वाचली: निफाड-दिंडोरीच्या द्राक्ष बागायतदारांचा सर्व्हे, व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरवलेला फॉर्म, ३८४ उत्तरं जमली, तुम्ही त्याला स्तरित रँडम नमुना (आधी गट पाडून प्रत्येक गटातून चिठ्ठीने निवड) म्हटलं आणि आता गाईड विचारतात, ‘हे स्तरित रँडम कसं?’ वाचून माझाच जुना शोधनिबंध आठवला. मी संख्याशास्त्राचा माणूस नाही, शेवटचा शब्द गाईडचाच. पण या बाबतीत त्यांचं बरोबर आहे. ३८४ हा आकडा साध्या रँडम नमुन्याचं, म्हणजे यादीतल्या प्रत्येकाला सारखी संधी देऊन केलेल्या निवडीचं, गणित मांडून येतो. ग्रुपवर ज्याला वेळ होता त्याने फॉर्म भरला, तर तो सोयीचा नमुना. ३८४ काय नि ३,८४० काय, त्याची जात बदलत नाही. तालुक्याप्रमाणे कोष्टक केलं म्हणून स्तरित होत नाही. प्रत्येक तालुक्याच्या यादीतून चिठ्ठी टाकून नावं काढावी लागतात.

आणि खरी रड त्या यादीचीच आहे. माझ्या निबंधाच्या वेळी तालुक्याच्या एका कार्यालयात (नाव घेत नाही, अजून कामं पडतात) आधी ‘साहेब मीटिंगला’, मग ‘कॉलेजचं पत्र आणा’, पत्र नेलं तर ‘यावर जावक क्रमांक नाही’. शेवटी यादी मिळाली, ‘एकदम अपडेट आहे’ या छातीठोक आश्वासनासह. गावात गेल्यावर कळलं की यादीतले काही आजोबा केव्हाच वारलेत, वारस नोंद झालेली नाही. एकाच चुलीवर जेवणारे तीन भाऊ आणि आई अशी चार नावं चार ओळींत. म्हणजे त्या घराला निवडलं जाण्याची संधी चौपट! आणि बटाईने बाग करणारा तर यादीत नाहीच, कारण सातबारावर तो नाही. सर्वेक्षणाचा अख्खा हंगाम यात गेला आणि वर छाटणी सुरू झाली. छाटणीत बागायतदार तुमच्याशी बोलेल ही आशा सोडा.

म्हणून माझं मत (पटलं तर घ्या): चिठ्ठ्या टाकण्याआधी यादी घेऊन गावात कोतवाल किंवा सोसायटीच्या सचिवासोबत बसा. एक कुटुंब, एक ओळ. मयताच्या जागी आज बाग कसणारा. बटाईदारांची नावं वेगळी लिहून घ्या, जमलं नाही तर अभ्यासाच्या मर्यादांत तसं स्पष्ट नोंदवा. राखीव नावंही त्याच वेळी चिठ्ठीने काढून ठेवा. कुणी भेटला नाही म्हणून शेजारच्या बागेत शिरायचं नाही. नाहीतर रस्त्याकडेचे आणि घरी सापडणारेच मग नमुन्यात भरतात.

हातातले फॉर्म फेकू नका. सरळ ‘सोयीचा नमुना’ म्हणा आणि निष्कर्ष उत्तर देणाऱ्यांपुरते ठेवा. ‘जिल्ह्यातील बागायतदार असे मानतात’ हे वाक्य मात्र खोडा.

दुसरं, तुम्ही क्षेत्र ‘२ एकरपर्यंत, २ ते ५, ५ च्या वर’ असं विचारलंय. एकर ही मोजमापाची गुणोत्तर पातळी, म्हणजे आकड्यांची पटीत तुलना करता येते: चार एकर दोनच्या दुप्पट. गट पाडले की उरला नुसता क्रम, नेमकी सरासरी गेली. आकड्यातून गट कधीही पाडता येतात, गटातून आकडा परत निघत नाही. मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन्सने १९४६ मध्ये मांडलेल्या मोजमापाच्या चार पातळ्या (नुसतं नाव, क्रम, अंतर, गुणोत्तर) व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, घोकून म्हणतात सगळे, प्रश्नावली करताना कुणाला आठवत नाहीत. ‘पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत’ या एकेका प्रश्नाची सरासरी ३.७२ वगैरे देण्यापेक्षा मी मध्यक (उत्तरं क्रमाने लावल्यावर मधोमध येणारं) देईन. यावर वाद आहे, तुमचे गाईड सरासरी मागतील तर भांडू नका.

फॉर्मवर फोन नंबर असतील तर क्षेत्र परत विचारून घ्या, रात्री आठनंतर. आणि एक्सेलमध्ये एकर, गुंठे असे दोन रकाने करा. आमच्याकडे डेटा भरणाऱ्याने ‘दोन एकर दहा गुंठे’ २.१० लिहिलं होतं. चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणजे ते २.२५ हवं.