मनातले मांडे: खायचे की मांडायचे?

खानापूरहून एका ताईंनी विचारलंय. त्यांच्या घरच्या ग्रुपवर भल्या सकाळी ‘तुम्हाला हे माहीत आहे का?’ अशा मथळ्याची माहिती येऊन पडली. ऑक्टोपसला तीन हृदयं असतात, शहामृगाचा डोळा त्याच्या मेंदूपेक्षा मोठा असतो, आणि तिसरी गोष्ट अशी की ‘मनातले मांडे’ या वाक्प्रचारातल्या मांड्यांचा खाण्याशी काही संबंध नाही. ‘मांडणे’ या क्रियापदावरून ते आले. मनात मांडलेले बेत म्हणजे मनातले मांडे, लोक उगाच पक्वान्न समजतात! ताईंच्या दिरांनी अंगठा दाखवून ती माहिती पुढे ढकलली. सासूबाईंनी चष्मा लावून वाचली आणि म्हणाल्या, “म्हणजे माझ्या लग्नात पानात काय बेत वाढले होते काय?” ताईंचा प्रश्न असा: खरं काय? आणि ‘मनात मांडे रचले’ असंही वाचनात येतं, ते चालेल का?

सासूबाईंचं खरं, मांडे म्हणजे खापरावर भाजलेली पातळ गोड पोळी. ऑक्टोपसची तीन हृदयंही खरी आणि शहामृगाचा डोळाही खरा. अशा माहितीत खोट्याच्या आजूबाजूला दोन खऱ्या गोष्टी बसवलेल्या असतात, म्हणून ती घशाखाली उतरते.

तरी ज्या कुणी हा शोध लावला त्याला मी अगदीच वेड्यात काढणार नाही. मराठीत क्रियापदावरून असे शब्द होतात. वेढणेवरून वेढा, झगडणेवरून झगडा. मग मांडणेवरून मांडा का नको? व्याकरणाच्या दृष्टीने वाट मोकळी आहे. अडचण पुढे येते. वाक्प्रचार पूर्ण म्हणून बघा: ‘मनातले मांडे खाणे’. बेत कोणी खात नाही. आणि जुनी म्हण तर याहून स्पष्ट आहे: ‘मनात मांडे, पदरात धोंडे’. पदरात काहीतरी खाण्याचं पडेल असं वाटत होतं आणि पडले दगड, हीच तर त्या म्हणीतली मेख. मांडे म्हणजे बेत धरले तर धोंड्यांना तिथे काही कामच उरत नाही. पोळी आणि दगड, नाजूक आणि कठीण, तोंडात विरघळणारं आणि दात पाडणारं, अशी जोडी आहे ती.

शब्दाची वाटही सरळ आहे. संस्कृतात ‘मण्डक’ नावाचा गव्हाच्या पिठाचा भाजलेला पदार्थ आहे. ‘घोटक’चा आपण घोडा केला, ‘मस्तक’चा माथा केला, त्याच चालीने ‘मण्डक’चा मांडा झाला. शेवटचा ‘क’ गळतो आणि आकार उरतो. एकवचनी मांडा, अनेकवचनी मांडे. पण एक मांडा खाऊन कोण उठतं, म्हणून एकवचन फारसं कानावर येत नाही.

हा मण्डक केवढा जुना? कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात, साधारण 1129-30 च्या सुमारास, ‘मानसोल्लास’ नावाचा प्रचंड संस्कृत ग्रंथ रचला. हत्तीपासून हिऱ्यापर्यंत राजाला जे जे कळायला हवं ते सगळं त्यात आहे, आणि स्वयंपाक तर आहेच. त्यात मण्डक येतात: गव्हाचं पीठ मळून गोळे करायचे, हाताने पसरायचे आणि तापल्या खापरावर टाकायचे. कल्याणी म्हणजे आजचं बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. कन्नड दरबारातल्या राजाचा संस्कृत ग्रंथ, त्यातल्या गाण्यांच्या प्रकरणात जुन्या मराठी ओळीही सापडतात, आणि त्याच ग्रंथात मांडे! सीमाभागातल्या माणसाला याहून जवळची गंमत कुठली मिळणार? त्यात ग्रंथाचं नावच ‘मनाचा उल्लास’, म्हणजे शब्दशः मानसातले मांडे. हा योगायोग आहे, व्युत्पत्ती नव्हे, कृपा करून ग्रुपवर टाकू नका.

आता मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात आवडणारी गोष्ट सांगतो. हा वाक्प्रचार कन्नडमध्येही आहे, आणि तोही जसाच्या तसा. आमच्या शेजारच्या कन्नड आज्जी दहावीचा निकाल लागायच्या आधी मला म्हणायच्या, “मनस्सिनल्ली मंडिगे तिन्नबेड.” मनात मंडिगे खाऊ नकोस. मंडिगे म्हणजे मांडे, तिन्नु म्हणजे खाणे. कन्नड वर्तमानपत्रांत आजही राजकारण्यांविषयी लिहिताना ही मंडिगे सापडते, मंत्रिपदाच्या आशेवर बसलेला प्रत्येक आमदार ती खात असतो. आता बघा, कन्नडमध्ये मराठीतल्यासारखं ‘मांडणे’ हे घरगुती क्रियापद नाही. ‘मंडिसु’ म्हणतात ते सभेत अंदाजपत्रक मांडण्यासाठी. तरीही तिथे मंडिगे खाल्लीच जाते, मांडली जात नाही. मराठीतले मांडे बेतांचे असते तर भाषेची हद्द ओलांडताना त्यांचा अचानक खाऊ कसा झाला असता? ग्रुपवरच्या माहितीला उत्तर द्यायला एवढं एक पुरे आहे.

कुणी कुणाकडून घेतला हे विचारू नका, ताई. तो प्रश्न आमच्याकडे चहाच्या टपरीवरसुद्धा तापतो. ज्या मुलखात दोन्ही भाषेची माणसं एका मांडवात जेवायला बसली, तिथे पान एक आणि म्हण दोन भाषांत, एवढंच मला दिसतं.

कन्नडच्या या बाजूला आलोच आहोत तर एक भुलवणारा प्रकार. मंडिगे म्हणजे मांडे, हे झालं. ‘मंडी’ म्हणजे कन्नडमध्ये गुडघा, आपली मांडी मात्र गुडघ्याच्या वर. आणि ‘मंडे’ म्हणजे डोकं. किनाऱ्याकडची कन्नड माणसं वैतागली की ‘मंडे बिसि’ म्हणतात, डोकं तापलंय. म्हणजे गुडघा, मांडी, डोकं आणि पक्वान्न, सगळं जवळजवळ एकाच आवाजात. आमच्या वर्गात एक मुलगा मंगळुराकडून आला होता. मास्तरांनी ‘मनातले मांडे’चा अर्थ विचारल्यावर त्याने स्वतःच्या डोक्याकडे बोट केलं. सगळे हसले. खरं तर तो मांडणेवाल्यांपेक्षा फार चुकला नव्हता, हा सगळा मामला डोक्यातलाच.

ज्यांनी मांडे होताना पाहिले नाहीत त्यांना हा वाक्प्रचार अर्धाच कळतो असं माझं मत आहे. बेळगावच्या शहापुरात मावसबहिणीच्या लग्नाला परसात चूल मांडली होती. चुलीवर पोटाकडून वर केलेलं मोठं खापर, म्हणजे पालथं मडकंच, आणि खाली लाकडाचा जाळ. आचाऱ्याने मैदा आणि बारीक रव्याची कणीक आदल्या रात्रीपासून तिंबून इतकी सैल केली होती की बोटावरून ओघळेल. लिंबाएवढ्या गोळीत पिठीसाखर, खसखस आणि वेलचीचं सारण भरलं, थोडं लाटलं आणि मग लाटणं बाजूला ठेवलं. पुढचं सगळं हातांवर. पारी एका मनगटावरून दुसऱ्या मनगटावर, पुन्हा पहिल्यावर, दर फेऱ्याला ती वाढत जाते. बघता बघता दोन्ही कोपरांपर्यंत पांढरं पातळ वस्त्र लोंबतंय असं वाटायला लागलं. त्यातून आचाऱ्याचा तांबूस हात दिसत होता. मग एका झोक्यात ते खापरावर. काही क्षणांत उचललं, गरम असतानाच रुमालासारखं चौकोनी दुमडलं आणि टोपलीत. गरम असतं तोवर ते दुमडतं. गार झालं की कागदासारखं कडक, बोट लावलं तर तुकडे.

ती टोपली आत नेऊन ठेवायचं काम माझ्याकडे होतं. उंबऱ्याला पाय अडखळला आणि वरचे आठ-दहा मांडे चुरा झाले. मी शेजारी उभ्या मामेभावाकडे बघितलं. मावशीने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “खापर परसात आहे, त्याच्या डोक्यावर नको फोडूस.” चुरा त्याच संध्याकाळी गरम दूध आणि तूप घालून आम्हा पोरांना वाढला. अजूनही मला अख्ख्यापेक्षा तोच आवडतो.

मावशीचं ते वाक्य मला वाक्प्रचारांच्या अभ्यासातला पहिला धडा वाटतो. खापर म्हणजे मूळ ‘कर्पर’, मातीच्या भांड्याचा तुकडा किंवा भांडं. ज्या खापरावर मांडे भाजले जातात तेच आपण दुसऱ्याच्या डोक्यावर फोडतो. एकाच चुलीपाशी दोन वाक्प्रचार निघाले.

आणि खापर पालथंच का? कारण एवढी पातळ पारी फुगीर पाठीवर पसरली की स्वतःच्या भाराने ताणून बसते. सपाट तव्यावर तिला सुरकुत्या पडतील. हे कळलं की ज्ञानदेवांची ती कथा वेगळी दिसायला लागते. विसोबा चाटीने आळंदीच्या कुंभारांना दम दिला, मुक्ताबाईला खापर मिळेना, तेव्हा ज्ञानदेवांनी जठराग्नी पेटवला आणि मुक्ताईने त्यांच्या पाठीवर मांडे भाजले. लहानपणी मला वाटायचं, पाठच का, हात का नाही? वाकलेली पाठ म्हणजे पालथं खापर! कथा रचणाऱ्याला मांडे कसे होतात ते पक्कं ठाऊक होतं. पुरणपोळी असती तर कथेत तवा आला असता, आणि तवा उसना द्यायला शेजारीण पुरली असती. कुंभाराशिवाय अडतं ते मांड्यांचंच. पुढे हेच विसोबा खेचर नामदेवांचे गुरू झाले.

खान्देशातले लोक इथे हात वर करतील, त्यांचे मांडे वेगळे. तिकडे मांडे म्हणजे खापरावरची भलीमोठी पुरणपोळी. तीही हातावरच वाढवतात आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती हवीच. आमचे साखरेचे, कोरडे, टिकाऊ. सारण वेगळं, पण खापर आणि हात तेच. नाव पदार्थाच्या पोटातल्या गोष्टीवरून नाही, तर पारीवरून चालत आलंय.

आमच्या दुकानांवर ‘बेळगावी मांडे’ अशी पाटी दिसते, तिची एक गंमत. 1 नोव्हेंबर 2014 पासून शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं. कन्नडमध्ये ते गावाचं नाम आहे, पूर्वीपासूनच. मराठी कानाला मात्र ‘बेळगावी’ हे विशेषण वाटतं, कोल्हापुरी चप्पल किंवा नागपुरी संत्रं असतं तसं. त्यामुळे ती पाटी कन्नड माणूस ‘बेळगावी, मांडे’ अशी वाचतो, मराठी माणूस ‘बेळगावचे मांडे’ अशी वाचतो, आणि दोघेही पाव किलो घेऊन जातात.

शब्दांना असे खोटे आईबाप जोडायची हौस नवी नाही. गोकाकच्या करदंटाबद्दल मी स्वतः कॉलेजात असताना पैजेवर सांगितलं होतं की तो चावताना दंत करकर वाजतात म्हणून करदंट. मित्रांनी मान डोलावली. गोकाकच्या एका वर्गमित्राने मग शांतपणे फोड करून दिली: ‘करिद’ म्हणजे तळलेला, ‘अंटु’ म्हणजे डिंक. तळलेल्या डिंकाची वडी. पैजेचं करदंट मलाच आणावं लागलं. त्या दिवसापासून एखादी व्युत्पत्ती फारच गोड लागली की मी आधी शेजारच्या भाषेत डोकावतो. आमच्याकडे त्यासाठी लांब जावं लागत नाही, भिंतीपलीकडे हाक मारली की काम होतं.

मनात खाण्याची ही कल्पना एकट्या मांड्यांचीही नाही. चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रह’ ग्रंथात, बौद्ध मताच्या चर्चेत, ‘आशामोदक’ येतात. आशेच्या मोदकांनी तृप्त झालेले आणि खरे मिळवलेले मोदक खाल्लेले, दोघांना चव, ताकद, पचन सगळं सारखंच मानावं लागेल, असा तिथला टोमणा आहे. जग नुसतं मनातलंच आहे म्हणणाऱ्यांना मोदकाने मारलंय. हिंदीवाले खयाली पुलाव शिजवतात. हल्ली मराठी मालिकांत मनात लाडू फुटतात तेही हिंदीकडूनच आलेत, आणि मला ते ऐकून जरा दुखतं. आपल्याकडे एवढे नाजूक मांडे असताना लाडू कशाला फोडायचे?

राहिला ताईंचा दुसरा प्रश्न. ‘मनात मांडे खाणे’ हे मूळ आणि चोख. ‘मनात मांडे भाजणे’ हेही रास्त, भाजतातच ते. ‘मनातले मांडे मनातच राहिले’ हे रोजच्या बोलण्यातलं. ‘मांडे रचले’ मला खटकतं. रचतात ते मनोरे आणि इमले. हवेतल्या इमल्यांचं क्रियापद चुकून मांड्यांना लागलंय, कारण लिहिणाऱ्याने मांडे पाहिलेले नसतात. पण टोपलीत एकावर एक मांडे ठेवताना पाहिलेल्या माणसाने ‘रचले’ लिहिलं तर मी भांडणार नाही. फक्त टोपली नेताना उंबऱ्याकडे बघ म्हणेन.

आणि ताई, सासूबाईंना विचारा, त्यांच्या लग्नातले मांडे कुठल्या आचाऱ्याने केले होते. हातावर मांडे करणारे आता शोधावे लागतात.