ताजा कलमातला टॉवेल

मावशी,

मी २० वर्षांची आहे. आई नाशिकची, बाबा अमेरिकेतल्या यूटाचे. वाढले सॉल्ट लेक सिटीजवळ, पण आईशी मराठीतच बोलते, म्हणून हे लिहायला जमतंय. आमचं चर्च लॅटर-डे सेंट्सचं, लोक मॉर्मन म्हणतात ते. सध्या मी इंग्लंडमध्ये, प्रेस्टनजवळच्या एका गावात मिशनवर, म्हणजे धर्मप्रचाराला, आले आहे. १८ महिन्यांपैकी सात झाले. यायचं मीच ठरवलं, कुणी भरीस घातलं नाही. पण इथे दिवसभर दारं वाजवायची आणि बहुतेक दारं उघडतच नाहीत. वर पाऊस. माझी कंपॅनियन, म्हणजे मिशनवरची जोडीदारीण, सदा हसतमुख असते. रोज रात्री आम्ही दोघी वहीत पाच गोष्टी लिहितो, ज्यांच्यासाठी देवाचे आभार मानायचे. माझ्या पाच रोज त्याच असतात: आरोग्य, घरचे, अन्न, डोक्यावर छप्पर, देवाची कृपा. लिहिताना आत काहीच हलत नाही. सोमवारी घरी व्हिडिओ कॉल असतो. आई विचारते, "कशी आहेस गं?" मी म्हणते, "मस्त!" कॉल संपला की बाथरूममध्ये नळ सोडून रडते. सगळे सांगतात, पॉझिटिव्ह राहा, कृतज्ञ राहा. मला नाही जमत. मी ढोंगी आहे का?

– एक सिस्टर

ता. क. काल एका आजोबांनी दार उघडलं आणि म्हणाले, "मला देवधर्म नको, पण जरा थांबा." आतून कोरडा टॉवेल आणून दिला. निळा होता, एका कोपऱ्यात विरलेला. म्हणाले, घेऊन जा, परत आणू नका. हे उगाच लिहिलं.

*

पोरी,

उगाच नाही लिहिलंस. तुझ्या अख्ख्या पत्रात मला सगळ्यात जास्त तीच ओळ आवडली.

वहीत तू रोज "आरोग्य, अन्न, छप्पर" लिहितेस आणि काही वाटत नाही म्हणतेस. कसं वाटेल? हे शब्द इतके मोठे आहेत की त्यांत जगातला कुणीही मावेल, त्यात तू कुठे दिसतेस? पण तो टॉवेल बघ. रंग तुला आठवतो, कोपरा कुठे विरलाय ते आठवतं, आजोबा काय म्हणाले ते शब्दासकट आठवतं. जिला आतून काही वाटत नाही, तिला विरलेला कोपरा दिसत नाही गं. तू ढोंगी नाहीस. वहीत लिहायचं ते तू ताजा कलमात लिहून टाकलंस, एवढंच झालंय.

तेव्हा आजपासून वहीत पाच नकोत, एकच लिही. पण ती त्याच दिवशी घडलेली हवी. "अन्न" नको, चर्चमधल्या कुणी सूप दिलं असेल तर त्यात मीठ कमी होतं आणि तरी तू दोन वाट्या प्यायलीस, असं लिही. आणि एखाद्या रात्री काहीच सापडलं नाही, तर तारीख घालून पान कोरं सोड. कोरं पान खोटं नसतं.

मी तुमच्या चर्चची नाही. माझ्या घरी संध्याकाळी देवापाशी दिवा लागतो. पण बंद दाराबाहेर उभं राहणं काय असतं ते मला ठाऊक आहे. विशीत मी नगर जिल्ह्यात आरोग्यसेविका म्हणून वाड्या-वस्त्यांवर फिरत होते. लस टोचायला आलेली बाई दिसली की माणसं पोरं उचलून मागच्या दारानं निघून जायची. "बाई, पुढं जा," हे तर रोजचंच. माझ्याबरोबर एक वयानं मोठ्या सिस्टर असायच्या. संध्याकाळी एसटीची वाट बघत बसलो की किती टोचण्या झाल्या हे त्या कधी विचारायच्या नाहीत. विचारायच्या, "आज कुणाच्या घरात काय शिजत होतं?" पहिल्या आठवड्यात मला सांगताच येईना. मी घरांकडे बघतच नव्हते, माझ्या अपमानाकडे बघत होते. पुढे पुढे नाक आपोआप वास घ्यायला लागलं. इथे हुलग्याचं पिठलं, तिथे नुसतीच चूल धुमसतेय, म्हणजे घरात काही नसावं. माणसं दिसायला लागली. दारं तेवढीच बंद राहिली, पण माझा जीव हलका झाला. तू जिथे आहेस तिथे पिठल्याचा वास येणार नाही, तरी रात्री कंपॅनियनला तू हे विचारू शकतेस: आज कुणाच्या खिडकीत काय होतं?

आता तुझ्या त्या गावाबद्दल. तुला मिशनच्या ट्रेनिंगमध्ये गॉर्डन हिंकली यांची गोष्ट नक्की सांगितली असेल. पुढे १९९५ मध्ये ते तुमच्या चर्चचे अध्यक्ष झाले, पण १९३३ च्या उन्हाळ्यात ते तुझ्यासारखेच मिशनवर, प्रेस्टनमध्ये नवे होते, वय २३. मंदीचे दिवस. आई तीन वर्षांपूर्वी कॅन्सरनं गेलेली. वाणसामानाच्या खरेदीतून उरलेली चिल्लर ती मुलांच्या मिशनसाठी साठवत होती, हे घरच्यांना तिच्या माघारी कळलं. (आपल्याकडच्या आया डाळीच्या डब्यात पैसे ठेवतात, त्याची मला फार आठवण झाली.) असा तो मुलगा, आणि त्यानं वडिलांना लिहिलं की मी इथे माझा वेळ आणि तुमचे पैसे वाया घालवतोय. वडिलांचं उत्तर प्रसिद्ध आहे: स्वतःला विसर आणि कामाला लाग.

ही गोष्ट सांगताना सगळे वडिलांच्या उत्तरावर थांबतात. मला मुलाचं पत्र जास्त महत्त्वाचं वाटतं. त्यानं खरं लिहिलं. "मस्त चाललंय" असं कळवलं असतं, तर वडिलांना उत्तर द्यायला काही उरलंच नसतं. मन आधी मोकळं झालं, मग तो कामाला लागला. तू मधली पायरी गाळून थेट कामाला लागलीस, आणि वर हसतेही आहेस. म्हणून दमलीस.

प्रार्थनेबद्दलही एक सांगते, माझा तो अधिकार नाही, तरी. तुमच्या चर्चचे संस्थापक जोसेफ स्मिथ १८३८-३९ च्या हिवाळ्यात मिसूरीतल्या लिबर्टी गावच्या तुरुंगात होते. तिथून त्यांनी देवाला आभार कळवले नाहीत. तू आहेस तरी कुठे, असं विचारलं. आणि तुमच्या लोकांनी तो प्रश्न पुसून टाकला नाही, धर्मग्रंथात ठेवला. म्हणजे तक्रारीलाही तुमच्या देवघरात जागा आहे. तू रात्री गुडघे टेकून "आज मला कंटाळा आला, मला घरी जावंसं वाटलं" असं म्हणालीस, तर ती प्रार्थनाच असेल.

कंपॅनियनशीही बोल. चोवीस तास एकीबरोबर राहायचं, आणि ट्रान्सफर आली की सहा आठवड्यांत ती बदलूही शकते; यात मैत्री लगेच होईलच असं नाही. पण तिच्या हसण्याखाली काय आहे हे तुला तरी कुठे माहीत आहे? तिला एवढंच म्हण, "आज मला लिहायला काही सुचत नाहीये." बाकीचं ती बोलेल कदाचित. नाही बोलली तरी तुझ्या एकटीचा भार उतरेल. आणि किती जणांनी बाप्तिस्मा घेतला हे दुसऱ्या जोड्यांशी ताडून बघत असशील, तर ते सोडून दे. कुणाचं दार केव्हा उघडावं हे तुझ्या हातात नाही.

आता आई. २०१९ पर्यंत मिशनवरच्या मुलांना घरी फोन करायची मुभा वर्षातून दोनदाच होती, नाताळ आणि मदर्स डे. तुला दर आठवड्याला तिचा चेहरा दिसतो. तो वेळ "मस्त" म्हणण्यात घालवू नकोस. तुला वाटतं तिला कळत नाही? नाशिक सोडून ती जेव्हा बर्फाच्या गावात संसार थाटायला गेली, तेव्हा तिनंही माहेरच्या फोनवर "मस्त" म्हटलं असेल. ती तुझा आवाज ओळखते. येत्या सोमवारी मराठीत सांग, "आई, मला रडू येतं." उपाय सांगू नकोस म्हणावं, नुसतं ऐक. ती घाबरेल थोडी. घाबरू दे, आई आहे.

एक गोष्ट मात्र गांभीर्यानं घे. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, रोज सकाळी उठताना छातीवर दगड ठेवल्यासारखं होत असेल, किंवा जगूच नये असं मनात येत असेल, तर वही, कृतज्ञता हे सगळं बाजूला ठेव आणि त्याच दिवशी मिशन प्रेसिडेंटना किंवा त्यांच्या पत्नीला सांग. समुपदेशकाशी बोलायला मागायला लाजू नकोस. तुमच्याकडे घरी राहून करायचं सेवा-मिशनही असतं. आणि मध्येच परत यावं लागलं तर तू हरलीस असं कुणीही म्हणो, मी म्हणणार नाही, आणि तुझी आई तर नाहीच नाही.

राहिला टॉवेल. परत आणू नका म्हणाले खरे, पण तो कोपऱ्यात पडून आहे ना? सोमवारी तुमचे कपडे धुवाल तेव्हा त्यात टाक. इस्त्रीची गरज नाही, नीट घडी घाल. एखाद्या संध्याकाळी दोघी जा आणि त्या आजोबांच्या हातात दे. पुस्तक, पत्रक काही नेऊ नकोस, त्यांना नकोय ते त्यांनी सांगितलंय. "त्या दिवशी फार गार होतं, बरं वाटलं," एवढंच म्हण. आणि ते काय म्हणाले ते मला कळव, ताजा कलमात नको, पहिल्याच ओळीत.

– मावशी