पावडरीने गेलेली पाळी परत येते का?

राजारामपुरीतील माझ्या समुपदेशन कक्षात आलेल्या त्या ४९ वर्षांच्या बाईंनी बसण्याआधीच पिशवीतून सोया आयसोफ्लेव्होनच्या (सोयाबीनमधील, इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनसारख्या द्रव्यांच्या) पावडरीचा डबा काढून टेबलावर ठेवला आणि विचारले, “मॅडम, हे झाडपाल्यातले इस्ट्रोजेन आहे, म्हणजे याने सगळे पूर्वीसारखे होईल ना?” (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) बोलता बोलता मानेवर घाम फुटला की त्या पदराने टिपत. भाकरी थापताना वाफ तव्याची की अंगातली हेच कळत नाही, असे त्या म्हणाल्या. हार्मोनच्या गोळ्यांनी कॅन्सर होतो, असे नणंदेने ठासून सांगितल्यामुळे स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाणे त्यांनी वर्षभर टाळले होते.

ती भीती अगदीच निराधार नव्हती. २००२ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन ही दोन हार्मोन एकत्र घेणाऱ्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचे प्रमाण दर १०,००० जणींमागे वर्षाला सुमारे ८ ने जास्त आढळले होते. मात्र त्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, म्हणजे त्या या बाईंपेक्षा बऱ्याच मोठ्या होत्या, ही गोष्ट नणंदेपर्यंत बहुधा पोहोचलीच नसावी.

डब्याबद्दल मी त्यांना एवढेच समजावले की सोयाबीनमधील जेनिस्टीन आणि डेडझीन ही द्रव्ये, किंवा जवसातील लिग्नन, इस्ट्रोजेनसारखी दिसतात म्हणून शरीरात इस्ट्रोजेन जिथे चिकटते त्याच जागांना (रिसेप्टरना) चिकटतात, परंतु त्यांचा परिणाम फार क्षीण असतो आणि थकलेले बीजांडकोश त्यांमुळे पुन्हा कामाला लागत नाहीत. काही चाचण्यांत अंगातून वाफा निघणे थोडे कमी झाले, काहींत झाले नाही. औषध म्हणून नुसती साखरेची गोळी दिलेल्या स्त्रियांनाही बराच आराम पडतो, त्यामुळे गुण नेमका कशाचा हे सांगणे अवघड जाते. शिवाय डेडझीनचे इक्वॉल या अधिक प्रभावी द्रव्यात रूपांतर करणारे जिवाणू प्रत्येकीच्या आतड्यात नसतात. जेवणातील सोयाबीन किंवा जवसाची चटणी सहसा निर्धोक असते. अर्क आणि पावडरीचे तसे नाही, विशेषतः स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये.

त्या उठून दारापर्यंत गेल्या आणि सहज बोलावे तसे म्हणाल्या, “तसा गुण आलाय म्हणा, चौदा महिन्यांनी परवा थोडी पाळी आली.”

मी त्यांना परत बसवले. हा प्रश्न मी सुरुवातीलाच विचारायला हवा होता आणि तो राहून गेला, याची चुटपुट अजून आहे. सलग बारा महिने पाळी आली नाही की ती गेली असे मानतात. त्यानंतरचा एक डागसुद्धा पाळी समजायचा नसतो, कारण त्यामागे गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सरही असू शकतो. बहुतेक वेळा तो नसतो, पण हे तपासल्यावरच कळते. “ताई, हा गुण नव्हे. याच आठवड्यात दाखवून घ्या,” असे सांगून मी त्यांच्यासमोरच डॉक्टरांसाठी चिठ्ठी लिहिली.

सोनोग्राफी झाली, अस्तराचा तुकडा तपासला गेला आणि साधा पॉलिप, म्हणजे अस्तरावर वाढलेली कॅन्सर नसलेली गाठ, निघाला. तो काढून टाकला आहे. वाफांसाठी डॉक्टरांनी हार्मोनचे आणि बिगर-हार्मोनचे असे दोन्ही उपचार समजावले आहेत. बाईंनी अजून काही ठरवलेले नाही. पुढच्या भेटीला त्या नणंदेला घेऊन येणार आहेत.