फ्लॅश बंद पडला तर
छत्रपती संभाजीनगरातील हॉटेलांमधल्या डीजे-रात्रींचे फोटो काढायला सुरुवात करताना, कॅमेऱ्याआधी फ्लॅशच दगा देईल असे गृहीत धरावे. पूर्ण पॉवरवर लागोपाठ वापरल्यास तो तापून थांबतो. म्हणून आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) १६०० ते ३२०० ठेवून फ्लॅशची पॉवर १/८ वर आणावी, आणि तरीही तो थांबलाच तर सेल बदलून, त्याला गार होऊ देत, कमी उजेडातही भरपूर प्रकाश आत घेणाऱ्या ५० मिमी एफ/१.८ लेन्सने मंचावरच्या उजेडातच काम चालू ठेवावे. (नांदेड-परभणीकडे कार्यक्रम असल्यास सेल आधीच घ्यावेत, मध्यरात्री दुकान उघडे मिळणे कठीण.) मेमरी कार्डाने एरर दाखवला, तर आयोजकांनी कितीही घाई केली तरी ते फॉरमॅट न करता बाजूला ठेवावे, कारण त्यावर नवे काही लिहिले गेले नसेल तर फोटो बहुधा परत मिळवता येतात. लेझरचा झोत मात्र थेट लेन्समध्ये येऊ देऊ नये. त्याने जळलेला सेन्सर (कॅमेऱ्यातला चित्र टिपणारा भाग) तिथल्या तिथे दुरुस्त होत नाही.