परदेशात बेपत्ता झालेल्या भावासाठी दूतावासाची मदत कशी मिळवावी?

कुवेतला नोकरीस असलेल्या भावाशी तीन आठवडे संपर्क नाही, मडगावहून काय करता येईल, असे आपण विचारले आहे. सर्वप्रथम तो कोणत्या पासपोर्टवर गेला आहे, हे पाहावे. गोव्यात हा प्रश्न अवाजवी नाही. त्याने स्वेच्छेने पोर्तुगीज नागरिकत्व घेतले असल्यास १९५५ च्या कायद्यानुसार त्याचे भारतीय नागरिकत्व संपलेले असते आणि दाद पणजीतील पोर्तुगीज वाणिज्य दूतावासाकडे मागावी लागते.

पासपोर्ट भारतीय असल्यास परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर आजच तक्रार नोंदवावी आणि पासपोर्टची प्रत, सिव्हिल आयडी (कुवेतचे ओळखपत्र), मालकाचे नाव व शेवटच्या बोलण्याची तारीख कुवेतमधील भारतीय दूतावासाला ईमेलने कळवावी. गोवा सरकारच्या अनिवासी भारतीय विभागालाही प्रत द्यावी.

दूतावासाला तेथे तपासाचे अधिकार नसतात. तो स्थानिक पोलीस, रुग्णालये, तुरुंग आणि (हे लिहिणे जड जाते) शवागारे यांच्याकडे चौकशी करतो. १९६३ च्या व्हिएन्ना करारातील कलम ३६ नुसार अटक झालेल्या परदेशी नागरिकाने मागणी केली, तरच त्याच्या दूतावासाला कळवणे बंधनकारक असते. म्हणून ‘आमच्याकडे नोंद नाही’ या उत्तराचा अर्थ तो अटकेत नाही, असा मुळीच घेऊ नये. मालकाने तो कामावरून पळाल्याची तक्रार केली आहे का, हेही दूतावासाला स्पष्ट शब्दांत विचारावे, कारण अशा तक्रारीनंतर आखातात अटक होऊ शकते.