नाग आणि आल्ब: विद्यार्थी देवाणघेवाणीत पाणी कसे शिकवावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: नागपूरच्या आपल्या शाळेत जानेवारीत जर्मनीतील कार्ल्सरूह येथील विद्यार्थ्यांचा गट येणार आहे, जूनमध्ये आपले विद्यार्थी तिकडे जाणार आहेत, विषय पाण्याची जाणीव आणि बचत असा ठरलेला आहे, आणि हा सगळा खटाटोप म्हणजे परदेशी सहल तर नव्हे ना, अशी शंका पालक घेत आहेत. अशा उपक्रमांच्या आखणीत शिक्षक म्हणून मी पुष्कळ वर्षे सहभागी राहिलो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पालकांची शंका रास्त आहे. ती दूर करण्याचा मला माहीत असलेला मार्ग एकच आहे. भेट हा अभ्यासाचा मधला टप्पा असावा, आणि दोन्ही शाळांनी दोन्ही ठिकाणच्या पाण्याला तेच प्रश्न विचारावेत. नागपूर म्हणजे समस्या आणि जर्मनी म्हणजे उत्तर अशी मांडणी नकळत होऊन बसते, आणि ती झाली की आपली मुले ओशाळतात, पाहुण्यांची मुले दया दाखवू लागतात आणि पाण्याविषयी कोणीच काही शिकत नाही. त्यामुळे काम सप्टेंबर-ऑक्टोबरपासूनच सुरू करा. पाहुणे येतील तेव्हा दोन्हीकडच्या मुलांच्या वहीत निदान तीन महिन्यांच्या नोंदी असल्या पाहिजेत.

नोंदी कशाच्या ठेवायच्या, यावर मी सर्वांत अधिक भर देईन. आपल्या पत्रात नाग नदीची तुलना ऱ्हाईनशी करण्याचा विचार दिसतो. तो सोडून द्यावा, असे मी आग्रहाने सुचवतो. ऱ्हाईन आल्प्समधून येणारी महानदी आहे आणि नाग लाव्हा-वाडीकडच्या टेकड्यांतून निघून शहरातून वाहणारी लहान नदी आहे. कार्ल्सरूहलाही अशी एक लहान नदी आहे. तिचे नाव आल्ब. ती ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगरातून येते, शहरातून जाते आणि पुढे ऱ्हाईनला मिळते. नागची जोडी आल्बशी लावावी. ऱ्हाईनची जोडी लावायचीच असेल तर ती वैनगंगेशी लावावी, कारण नागचे पाणी कन्हानमार्गे शेवटी तिलाच मिळते.

नागवर नमुने घेण्यासाठी अंबाझरी तलावाचा सांडवा, अशोक चौक, पारडी आणि शेवटी कन्हान-वैनगंगा संगमावरचे आंभोरा ही ठिकाणे पुरेशी आहेत. तापमान, सामू, गढूळपणा, नायट्रेट आणि विरघळलेला प्राणवायू एवढेच मोजावे, पण दोन्ही शाळांनी एकाच प्रकारचे किट वापरावे, एकाच वेळी, म्हणजे शक्यतो सकाळी, नमुना घ्यावा आणि प्रत्येक मोजणी तीनदा करावी. १९९५ पासून चालू असलेल्या ग्लोब या आंतरराष्ट्रीय शालेय कार्यक्रमाच्या पाण्याविषयीच्या मोजणी-पद्धती विनामूल्य उपलब्ध आहेत, त्या जशाच्या तशा घेतल्या तरी चालतील. अशा कामाला चांगला पूर्वइतिहासही आहे. अमेरिकेतील मिशिगन राज्यात १९८० च्या दशकात हायस्कूलच्या विद्यार्थ्यांनी आपल्या गावच्या नदीचे पाणी तपासायला सुरुवात केली, तिथल्या विद्यापीठातील प्राध्यापक विल्यम स्टॅप यांनी त्या कामाला दिशा दिली, आणि त्यातूनच पुढे अनेक देशांतील शाळांना जोडणारे नदी-शिक्षणाचे जाळे उभे राहिले.

प्राणवायूच्या बाबतीत एक गोष्ट मुलांना आधीच समजावून द्या, नाहीतर निष्कर्ष चुकतील. थंड पाण्यात प्राणवायू अधिक विरघळतो. १० अंश सेल्सिअसला स्वच्छ पाणी लिटरमागे सुमारे ११.३ मिलिग्रॅम प्राणवायू धरून ठेवू शकते, तर ३० अंशांना जेमतेम साडेसात. म्हणजे दोन्ही नद्या सारख्याच स्वच्छ असत्या तरी आल्बचा आकडा मोठाच आला असता. म्हणून आकडे मिलिग्रॅममध्ये न मांडता त्या तापमानाला शक्य असलेल्या प्राणवायूच्या टक्केवारीत मांडावेत. हे गणित नववीच्या मुलांना सहज जमते, आणि माझ्या अनुभवाप्रमाणे शास्त्रीय तुलना कशाला म्हणतात हे त्यांना तिथेच पहिल्यांदा कळते. ऋतूंचेही तसेच आहे. जानेवारीत नागमध्ये जे वाहते ते जवळजवळ सगळे सांडपाणी असते, कारण आपला पाऊस जून ते सप्टेंबरमध्येच बहुतेक पडून जातो. उलट ऱ्हाईनला कार्ल्सरूहपाशी उन्हाळ्याच्या सुरुवातीला भरपूर पाणी असते, कारण आल्प्सचे बर्फ वितळत असते. केवळ भेटीच्या दिवसांतील दोन नमुने शेजारी ठेवले तर दोन ऋतूंची तुलना होईल, नद्यांची होणार नाही.

सुरक्षिततेबद्दल थोडक्यात सांगतो. नागच्या पात्रात कोणीही उतरू नये. पुलावरून दोरीला बादली बांधून पाणी काढावे, हातमोजे घालावेत आणि पालकांची लेखी संमती घ्यावी.

आता जानेवारीतील दिवसांविषयी. पहिले दोन दिवस पाण्याचा माग काढण्यात घालवा. पेंच नदीवरची तोतलाडोह आणि नवेगाव खैरी ही धरणे, गोरेवाड्याचे जलशुद्धीकरण केंद्र, घरचा नळ, मग गटार, भांडेवाडीचे सांडपाणी प्रक्रिया केंद्र, नाग, कन्हान, वैनगंगा आणि गोसेखुर्दचे धरण, हा क्रम मुलांनी नकाशावर स्वतः काढावा आणि त्यातली जमतील तेवढी ठिकाणे प्रत्यक्ष पाहावीत. केंद्रांच्या परवानग्यांना वेळ लागतो, म्हणून पत्रे नोव्हेंबरातच द्या. भांडेवाडीला थोडे अधिक थांबा. तिथले प्रक्रिया केलेले सांडपाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला दिले जाते आणि तेवढे पेंचचे पाणी पिण्यासाठी वाचते. या बाबतीत नागपूर देशातील आघाडीच्या शहरांपैकी आहे आणि पाहुण्यांनी आपल्याकडून शिकावे असे ते काम आहे. नीरी, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, हीही नागपुरातच आहे. १९५८ मध्ये सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीसाठी ती स्थापन झाली आणि १९७४ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. तिथल्या एखाद्या शास्त्रज्ञाने मुलांच्या वह्या पाहून प्रश्न विचारले, तर भाषणापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

माग काढताना २०१९ चा जुलै आठवणीने सांगा. त्या वर्षी पाऊस लांबला, पेंचचा साठा तळाला गेला आणि शहराला एक दिवसाआड पाणी देण्याची वेळ आली. पेंचच्या वरच्या अंगाला मध्य प्रदेशात चौराई धरण झाल्यापासून खाली येणारे पाणी कमी झाले आहे, हेही मुलांना कळले पाहिजे. दात घासताना नळ बंद ठेवण्याची शिकवण चांगलीच आहे, पण पाण्याची टंचाई घरातल्या नळापाशी सुरू होत नाही, आणि हे ज्याला समजले त्याची जाणीव अधिक टिकाऊ असते. त्याच्या अगदी विरुद्ध टोकाचा प्रसंग २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटेचा आहे. काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, १८७० मध्ये बांधलेला अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि खालच्या वस्त्यांत घरोघरी पाणी शिरले. अंबाझरी लेआउट किंवा डागा लेआउटमधील एखाद्या कुटुंबाने त्या रात्रीची हकीकत मुलांना सांगावी आणि मुलांनी सांडवा, पुढचे पात्र आणि त्याची रुंदी पाहून यावे.

एक दिवस काटोल-कळमेश्वरकडे अवश्य ठेवा. आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, संत्र्याच्या झाडांना दिलेला ताण तोडण्याचा काळ जानेवारीतच येतो. पाणी मुद्दाम तोडून मग नेमक्या वेळी द्यायचे, हे शेतकऱ्याचे शास्त्र परदेशी मुलांना फार आवडते. त्याच बागेत बोअर किती फुटांवर गेले आहे आणि वडिलांच्या काळी विहिरीला पाणी कुठे लागत असे, हेही शेतकऱ्याला विचारावे. या पट्ट्यात भूजलाचा उपसा पुनर्भरणापेक्षा जास्त झाल्याची चिंता जुनी आहे. परतताना कापसाच्या शेतात थांबा. एका सुती टी-शर्टामागे सरासरी सुमारे २,७०० लिटर पाणी लागते, असा हिशेब जगभर मांडला जातो. कार्ल्सरूहच्या मुलाच्या अंगावरच्या सदऱ्यात कोणत्या तरी शेतातले पाणी आहे, हे त्याला तिथे उभे राहिल्यावर नीट कळेल. मात्र विदर्भातील बहुतांश कापूस कोरडवाहू आहे, म्हणजे त्यात पावसाचे पाणी आहे, धरणाचे नाही, हा भेदही सांगायला हवा, नाहीतर तो आकडा नुसता धक्का देण्यापुरता उरतो.

पाहुणी मुले घरोघरी राहणार असतील तर पाण्याची रोजनिशी ठेवायला लावा: आंघोळ बादलीने की शॉवरने, भांडी, कपडे, आरओच्या यंत्रातून वाया जाणारे पाणी, टाकी किती वेळा भरली. जर्मनीत माणशी रोजचा घरगुती वापर सुमारे १२५ लिटर आहे. आपल्याकडे भुयारी गटारे असलेल्या शहरांसाठी १३५ लिटरचे मानक धरतात, आणि जल जीवन मिशनमध्ये ग्रामीण घरासाठी माणशी ५५ लिटर. एकाच जिल्ह्यात १३५ आणि ५५ असे दोन आकडे का, यावर मुलांना चर्चा करू द्या. हीच रोजनिशी मे महिन्यात पुन्हा भरून कार्ल्सरूहला पाठवा, कारण कुलर सुरू झाल्यावर नागपूरचे घर किती पाणी पिते, हे जानेवारीत राहून गेलेल्या पाहुण्याला कळणार नाही.

टँकरच्या रांगेपाशी कॅमेरे घेऊन मुलांना नेऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. खेड्यात जायचे असेल तर क्षेत्रीय किटने पाणी तपासण्याचे प्रशिक्षण घेतलेल्या महिलांकडे विद्यार्थी म्हणून जावे आणि त्यांनी मुलांना शिकवावे. फ्लोराइड लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या आत का हवे आणि नायट्रेट ४५ च्या पुढे गेले तर काय होते, हे त्या स्वतःच्या गावाच्या उदाहरणावरून सांगतात.

जूनमध्ये तिकडेही हीच शिस्त पाळली जावी. विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे आपल्या मुलांचा वर्ग बुडत नाही, आणि तिकडे पेंटेकॉस्टच्या सुट्टीचे दिवस सोडले तर शाळा चालूच असते. कार्ल्सरूहचे पिण्याचे पाणी पूर्णपणे भूजलातून येते, ते जरूर पाहावे. योहान गॉटफ्रीड टुला हे अभियंते त्याच शहराचे. त्यांच्या आराखड्याप्रमाणे १८१७ पासून ऱ्हाईनची वळणे कापून ती सरळ करण्यात आली. बाझेल ते वर्म्स हे अंतर त्यामुळे सुमारे ८१ किलोमीटरने घटले, दलदल हटली, मलेरिया कमी झाला, पण पुराचे पाणी खाली लवकर पोहोचू लागले आणि काठचे भूजल उतरले. आज पुराला पुन्हा जागा मोकळी करून देण्याचे काम तिथे चालू आहे. अंबाझरी पाहिलेल्या मुलांना हे पटकन उमगेल. १ नोव्हेंबर १९८६ रोजी बाझेलजवळच्या रसायनांच्या गोदामाला आग लागली आणि विझवण्याच्या पाण्याबरोबर कीटकनाशके नदीत जाऊन कित्येक किलोमीटरपर्यंत मासे मेले, तोही इतिहास यजमान शिक्षकांकडून ऐकावा. कार्ल्सरूहच्या दक्षिणेला रास्टाट परिसरात कागद कारखान्यांचा गाळ मिसळलेल्या खतामुळे शेतजमिनीत आणि भूजलात पीएफएएस ही न विघटणारी रसायने उतरल्याचे गेल्या दशकात उघडकीस आले. तो विषय कार्यक्रमात घ्यावा, असे तिकडच्या शाळेला आतापासूनच लिहा. चांगले शिक्षक त्याला नाही म्हणत नाहीत.

राहिला निवडीचा प्रश्न. विमानाचे तिकीट ज्यांना परवडेल त्यांचीच यादी तयार होते, ही अशा उपक्रमांची खरी अडचण आहे. म्हणून नमुने घेणे, रोजनिशी, नकाशा आणि जानेवारीतील सर्व दिवस संपूर्ण वर्गासाठी ठेवा, ज्यांच्या घरी नळाला पाणी कमी येते त्या मुलांना गटप्रमुख करा, आणि जूनमध्ये जाणाऱ्यांची निवड वहीतील नोंदी पाहून करा. त्यांच्यापैकी निदान काहींच्या तिकिटाचा खर्च माजी विद्यार्थ्यांकडून उभा करता येतो. त्यासाठी दिवाळीआधीच आवाहन करावे लागेल, आणि हवे असल्यास त्याचा मसुदा मी लिहून देईन.