ड्रॉपरने भरायचे पेन का गळते?

आपण घेतलेले, ड्रॉपरने थेट नळीत शाई भरायचे एबोनाइटचे (कडक रबराचे) पेन गळते, अशी आपली तक्रार आहे; यात बहुधा पेनाचा दोष नसतो. शाई तळाशी गेली की वरची मोकळी जागा हवेने भरते, ती हवा हाताच्या उबेने प्रसरण पावून शाईला जिभेवाटे (निबखालच्या, शाई पुरवणाऱ्या पट्टीवाटे) बाहेर ढकलते आणि निबच्या टोकाशी टपोरा थेंब लोंबू लागतो. म्हणून पेन अर्धे रिकामे होताच पुन्हा भरावे.

भरताना नवशिके काठोकाठ भरतात. शाई आट्यांच्या खालीच थांबवावी, कारण निबचा भाग आत शिरताना ती वर चढते. कोरड्या, स्वच्छ आट्यांवर सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर द्यावा. व्हॅसलीन नको, त्याने आट्यांपाशी रबरी कडी असेल तर ती खराब होते. आटे जोर लावून आवळू नयेत. प्रवासात पेन निब वर ठेवूनच न्यावे. एवढे पाळा, आपले पेन नक्की सुधारेल.